शेवटच्या बाईला ऐकू जाईल असं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. अनिलचा फोन, म्हणजे अक्कांच्या मुलाचा. म्हणाला, "काकू, आई गेली." मी म्हणाले, "कुठं?" माझं तरी काय चुकलं? या वयातही ही बाई जुळे सोलापुरातल्या घरून कुणाला न सांगता रिक्षात बसायची आणि आमच्या भवानी पेठेत यायची, अर्धी पेठ हिंडून पार संध्याकाळी घरी जायची, आणि तोवर अनिल सगळ्यांना फोन करत बसायचा. मला वाटलं, तसंच काहीतरी. अनिल पुन्हा म्हणाला, "काकू..." मग मला कळलं... कढईतले दाणे करपले. त्याची चटणी कडवट झाली, पण मी टाकली नाही. अक्कांनी टाकू दिली नसती.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. मी लिहिणारी बाई नव्हे. शाळा चौथीपर्यंत, ती पण नातेपुत्याची, आणि पुढचं जे काही वाचायला शिकले ते किराणा बांधून आलेल्या कागदावरून. पण अक्कांवर कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि ज्यांनी नीट लिहिलं असतं ते गुरुजी पण गेले, आमचे हे पण गेले. राहिले मी. तेव्हा जसं बोलते तसंच लिहिते, सांभाळून घ्या.

लग्न होऊन मी भवानी पेठेत आले, तेव्हा शालनअक्कांचं आणि आमचं घर एकाच अंगणात. मधे एक नळ. पलीकडच्या घरांतून दिवसभर चादरी विणायच्या मागांचा खडखडाट यायचा आणि आम्ही बायका त्या आवाजावर आवाज काढून बोलायचो. अजूनही मी मोठ्यानं बोलते त्याचं कारण तेच. अक्का बालवाडीत शिकवायच्या, त्यांचे मिस्टर हायस्कुलात शिक्षक. सगळी पेठ त्यांना गुरुजी म्हणायची. आमचे हे त्याच हायस्कुलात क्लार्क. मी बोलताना "हाय, न्हाय" करायचे, म्हणून माझ्या सासरच्या पोरी माझी नक्कल करायच्या. अक्का एकदा त्यांना म्हणाल्या, "ती बोलती तरी. तुमाला तर नुसतं फिदीफिदी येतंय." तेव्हापासून मी त्यांची झाले.

पहिल्या संक्रांतीला मला नाव घ्यायचं होतं. नव्या पिढीसाठी सांगते, आमच्यात बायका नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढत नसत. रेशनच्या दुकानात विचारलं तरी शेजारणीकडं बघायचं, मग ती सांगायची. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, हळदी-कुंकवाला, चार बायकांसमोर. मी उखाणा पाठ करून गेले आणि आयत्या वेळी असा काही आवाज बसला की शेजारच्या बाईलासुद्धा कळलं नाही मी काय म्हणाले ते. दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला नळावर उभं केलं आणि स्वतः अंगणाच्या पार टोकाला, दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "घे नाव." मी घेतलं. "ऐकू न्हाय आलं." पुन्हा घेतलं. "मागं म्हातारी माणसं बसलेली असतात ग. शेवटच्या बाईला ऐकू जाईल असं घ्यावं. नवऱ्याचं नाव हाय, चोरीचा माल न्हाय." मी लाजून लाल झाले. पण चौथ्या-पाचव्या खेपेला माझा आवाज मागांच्या वर गेला, आणि पलीकडच्या माडीवरून कुणीतरी ओरडलं, "कळलं ग बाई, कळलं."

पुढं आणीबाणी आली. मला त्यातलं राजकारण तेव्हाही फारसं कळत नव्हतं. कळलं ते एवढंच, की नळावरचं बोलणं कमी झालं. एरवी ज्यांचं तोंड बंद व्हायचं नाही त्या बायका घागर भरून मुकाट्यानं जायच्या. चहाच्या टपरीवर माणसं पेपर वाचायची, घडी घालून ठेवायची, आणि पावसापाण्याचं बोलायची. गुरुजींना ते सहन व्हायचं नाही. ते लिहायचे. पेपरात जे येत नव्हतं, कोणाकोणाला कसं नेलं, घरच्यांना कळवलं की नाही, ते सगळं एका पानात. ते पान मेणाच्या कागदावर उतरवायचे आमचे हे. शाळेच्या ऑफिसात सायक्लोस्टाइलचं मशीन होतं, त्यावर प्रती काढायचे तेही हेच. त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांना काळी शाई लागायची, ती मी रॉकेलनं काढायचे, आणि सासूबाईंना सांगायचे की सायकलची चेन पडली होती. आम्हां चौघांशिवाय हे कुणाला ठाऊक नव्हतं. मला दिवस गेले होते आणि माझ्या पोटात भीतीच जास्त होती.

श्रावणात गुरुजींना नेलं. सकाळची वेळ, बशीत चहा ओतलेला. फौजदार दारात उभे राहून म्हणाले, "चला." गुरुजींनी तो बशीतला चहा संपवला, बशी कपावर पालथी घातली, आणि गेले. अक्का रडल्या नाहीत. त्यांनी ती कपबशी विसळली. मी खिडकीतून बघत होते आणि मला वाटत होतं, आता फौजदार वळतील आणि आमच्या दाराकडं येतील... नाही आले. त्यांना पान लिहिणारा माहीत होता, छापणारा माहीत नव्हता.

तो माहीत करून घ्यायला फौजदार पुन्हा आले. अंगणात खुर्ची मागवली, बसले. अक्का पदर खोचून समोर उभ्या. मी नळावर, घागर भरून वाहत होती तरी तिथंच. फौजदार वाईट बोलणारे नव्हते, तेच जास्त अवघड होतं. म्हणाले, "बाई, गुरुजी आपण होऊन सांगणार नाहीत. तुम्ही सांगा. कागद कोण छापतं, एवढं एक नाव. दिवाळीला गुरुजी तुमच्या घरात अभ्यंग करतील, माझा शब्द."

अक्कांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "साहेब, आमच्यात बायका पुरुषांची नावं घेत न्हाईत."

फौजदार म्हणाले, "मी तुमच्या नवऱ्याचं नाव विचारत नाही. दुसऱ्याचं विचारतोय."

"मंग तर मुळीच न्हाय. आपल्या नवऱ्याचं घेत न्हाय, दुसरीच्या नवऱ्याचं कसं घेऊ? लोक काय म्हणतील?"

सोबतच्या हवालदाराला हसू आलं, त्यानं तोंड फिरवलं. फौजदार उठले. "विचार करा," म्हणाले. जाताना नळाकडं बघून मला म्हणाले, "ताई, पाणी वाया चाललंय." तरी मला तोटी बंद करायचं सुचेना. अक्कांनीच येऊन केली. माझ्या नवऱ्याचं नाव त्यांच्या जिभेवर होतं, त्याच्या बदल्यात त्यांना त्यांचा नवरा मिळत होता, आणि त्यांनी येऊन तोटी बंद केली. पन्नास वर्षं होत आली. मी अजून नळ बंद करताना कधीकधी थांबते.

त्या रात्री आमचे हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून निघाले. म्हणाले, "मी जाऊन सांगतो. माझ्यापायी गुरुजी आत बसलेत." मी काय बोलणार? नको म्हणावं तर अक्कांचं तोंड कसं बघायचं, जा म्हणावं तर... मी दारात नुसती उभी. तेवढ्यात अक्का आल्या, अनिलला कडेवर घेऊन. ह्यांचा सदरा बघितला आणि सगळं ओळखलं.

"कुठं, लग्नाला निघालात का भावजी?"

हे म्हणाले, "वहिनी, मला जाऊ द्या."

"गेलात म्हणून ते ह्यांना सोडतील का? दोघांनाही ठेवतील आणि आणखी चार नावं विचारतील. आणि मी भेटीला जाताना माझं पोर कुणाकडं ठिवू? ह्या पोटुशीकडं? सदरा काढा आणि कामावर जा. मशीनला हात लावू नका काही दिवस." मग माझ्याकडं वळल्या. "कुसुम, तू पण ऐक. मी काय बोलीन ते बोलीन. तुमी दोघांनी गप राहायचं. हे काम हाय तुमचं, आणि मी सांगते, माझ्यापेक्षा अवघड हाय. दोघींनी तोंड उघडलं तर भाकरी कोण करणार?"

तुम्ही म्हणाल, गप्प बसण्यात कसलं काम? मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण करून बघा. शेजारच्या घरातला माणूस तुमच्या माणसापायी आत आहे, आणि तुम्ही रोज तिच्याच दारावरून पाणी न्यायचं आणि बोलायचं नाही. अक्कांनी त्याला काम म्हटलं म्हणून मला ते निभावलं. लाज म्हटलं असतं तर मी मेले असते.

मग संक्रांत आली. गड्ड्याची जत्रा भरलेली, गावात पाळणे, हलव्याचे दागिने, सगळं दरवर्षीसारखं. पेठेतल्या महिला मंडळानं देवळाच्या सभामंडपात हळदी-कुंकू ठेवलं आणि प्रमुख पाहुण्या म्हणून एका मोठ्या सरकारी साहेबांच्या पत्नीला बोलावलं. अक्कांना बोलवावं की नाही, यावर मंडळात कुजबुज झाली म्हणे. साहेबांच्या बाईंसमोर नको, असं एकदोघींचं मत. हे अक्कांच्या कानावर आलं. त्या अध्यक्षबाईंच्या घरी गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "आत येत न्हाय. एवढंच विचारायला आले, माझं कुंकू शाबूत हाय का न्हाय? हाय, तर बोलावणं का न्हाय आलं? न्हाय, असं तुमचं म्हणणं असंल, तर तसं सांगा." झालं. नवरा जिवंत असलेल्या बाईला हळदी-कुंकवाला वगळायचं म्हणजे त्याचं वाईट चिंतायचं. अध्यक्षबाई स्वतः करंडा घेऊन बोलवायला आल्या.

मंडप भरला होता. पुढं सतरंजीवर साहेबांच्या बाई, भोवती मंडळाच्या बायका, मागं भिंतीला टेकून आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्या. एकेकीला नाव घ्यायला सांगत होत्या. चांदीचं ताट झालं, केळीचं पान झालं, महादेवाची पिंड झाली. अक्कांची पाळी आली तशी अध्यक्षबाई पुढच्या बाईकडं वळायला लागल्या. पण सवाष्णीला नाव घ्यायचं राहू द्या असं कसं म्हणणार? अक्का उठून उभ्याच राहिल्या होत्या. नऊवारी, जांभळ्या रंगाची, गुरुजींनी घेतलेली. आणि त्यांनी नाव घेतलं. अंगणाच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात.

"सोलापुरी चादरीला उभा-आडवा धागा,
वसंतराव तुरुंगात, गुन्हा काय तो सांगा."

एरवी नाव संपलं की बायका हसतात, वा वा करतात. कुणी हललं नाही. मला बाहेर जत्रेला निघालेल्या पोरांच्या पिपाण्या ऐकू आल्या, एवढं शांत. अध्यक्षबाईंच्या हातातली तिळगुळाची वाटी तशीच अधांतरी. मला वाटलं, आता संपलं सगळं. तेवढ्यात मागून नरसम्मांचा आवाज आला. नरसम्मा म्हणजे पलीकडच्या माडीवरच्या, तेलुगू, जन्म बिड्या वळण्यात गेलेला. त्यांचे कान असे की कुणाच्या घरात भांडं पडलं तर कोणतं पडलं ते सांगायच्या. त्या म्हणाल्या, "ऐकू नाही आला मला. परत घे की."

अक्कांनी परत घेतलं. आणखी मोठ्यानं. या वेळी कुणीतरी दबक्या आवाजात "वा" म्हणालं. मग आणखी एक. एवढंच, टाळ्या वगैरे काही नाही. पण मंडपातलं काहीतरी सैल झालं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

पुढची पाळी माझी होती. माझ्या मनात काय काय आलं ते मी सांगू शकत नाही. अक्कांनी खाली बसता बसता माझ्याकडं बघून एवढीशी मान हलवली, नको म्हणून. मी माझं पाठ केलेलं नाव घेतलं, नळावर शिकवलेलं, साधं, वेलदोड्याचं आणि गुळाचं. आयुष्यात मी त्याच्यापेक्षा जड काही उचललेलं नाही.

हळदी-कुंकू लावताना साहेबांच्या बाई अक्कांपाशी थांबल्या. हळू आवाजात विचारलं, "पत्र येतं का त्यांचं?" अक्का म्हणाल्या, "येतं. आधी दुसरीच माणसं वाचतात, मग आमच्याकडं येतं." त्या बाईंनी मान खाली घातली आणि अक्कांच्या ओटीत तिळगूळ जरा जास्तच घातला. नंतर त्यांनी घरी काही सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी त्यांना वाईट म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी फौजदार हजर. "बाई, काल काय बोललात?"

"बोलले कुठं? नाव घेतलं."

"कुणाचं?"

"माझ्या नवऱ्याचं. तुमीच म्हणत होता की, नाव घ्या, नाव घ्या."

फौजदार जायला वळले. मग म्हणाले, "जपून राहा." आणि गेले. पण बालवाडीतून अक्कांना यायचं बंद करा म्हणून सांगितलं. कोणी सांगितलं, कोणाच्या सांगण्यावरून, काही नाही. नुसतं, उद्यापासून नको.

मग आम्ही कडक भाकऱ्या करायला लागलो. ज्वारीची भाकरी थापायची, भाजायची, वाळवायची, की महिना महिना टिकते. अक्कांच्या भाकऱ्या सुरुवातीला चिरायच्या, शिक्षकी हात, पिठात जोर नाही. मी नातेपुत्याची, भाकरी मला येत होती, तेवढी एक गोष्ट मी त्यांना शिकवली. विकत कोण घेणार याची मला काळजी होती. पण ज्या बायका रस्त्यात अक्कांशी बोलायचं टाळायच्या, त्यांच्याच घरून मागल्या दारानं पोरी यायच्या, "आईनं डझनभर सांगितल्यात." ज्यांच्या घरात रोज ताज्या भाकऱ्या होत त्यांना वाळक्या भाकऱ्या काय करायच्या होत्या? अक्का म्हणायच्या, "बघ, हे पण बोलणंच हाय. नुसता आवाज न्हाय." मला तेव्हापासून गप्प राहणाऱ्या माणसांचा राग येत नाही. राग येतो तो गप्प बसून वर शहाणपण शिकवणाऱ्यांचा.

ते दिवस संपले, गुरुजी घरी आले. वाळले होते, पण हसत होते. सगळ्यांत आधी त्यांना तो उखाणा ऐकायचा होता, त्याची बातमी आतपर्यंत पोचली होती. अक्का काही केल्या घेईनात. "पुरुषासमोर कुठं नाव घेतात?" असं म्हणाल्या बघा, त्या. शेवटी मी म्हणून दाखवला. गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "माझं नाव एवढ्या मोठ्यानं कुणी हजेरीतसुद्धा घेतलं नव्हतं." मग त्यांनी आमच्या ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझी लेक तेव्हा रांगत होती. ती बाप घरात असताना जन्मली. हे कुणामुळं, ते आमच्या घरात रोज आठवलं जायचं, आणि अक्कांसमोर काढलं की त्या म्हणायच्या, "पुरे. भाकरी करपतीय."

गुरुजी वारले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पहिल्या संक्रांतीला बायका अक्कांना बोलवायला बिचकल्या. अक्का आल्या. न बोलावता. कुंकू लावलेलं नव्हतं, पण बसल्या, आणि आपली पाळी आल्यावर नाव घेतलं. कुणीतरी म्हणालं, "अक्का, आता कसं..." तर म्हणाल्या, "तुरुंगात होते तवा घेतलं, आता तर कुटंच न्हाईत. मी न्हाय घेतलं तर कोण घेणार?" तेव्हापासून आमच्या पेठेत विधवा बायका हळदी-कुंकवाला येतात आणि नाव घेतात. कुणी ठराव केला नाही. अक्का बसल्या, आम्ही सरकून जागा दिली. आमचे हे गेल्यावर मी पण गेले, त्यांच्या शेजारी.

शेवटची भेट झाली ती दिवाळीनंतर. अनिलचा मुलगा, अक्कांचा नातू, घरी होता. अक्का फोनवर कुणाशी तरी मोठमोठ्यानं बोलत होत्या, पेठेतली घरं पाडायच्या नोटिसांबद्दल, वरच्यांची नावं घेऊन, त्यांच्या नेहमीच्या भाषेत. नातू घाबरून म्हणाला, "आजी, फोनवर असं नावं घेऊन नको बोलू. हल्ली कुठून कुठं जातं." अक्कांनी फोन बाजूला धरला, त्याच्याकडं प्रेमानं बघितलं आणि विचारलं, "का रे? तुमच्यात पण आता नाव घेत न्हाईत व्हय?" पोरगं हसलं. मी पण हसले. घरी येताना रिक्षात मात्र मला हसू येईना.

यंदाची संक्रांत अक्कांशिवायची पहिली. रथसप्तमीच्या आधी मी माझ्या घरी हळदी-कुंकू ठेवलं. सूनबाई म्हणाली, "आई, यंदा राहू द्या." मी म्हणाले, "यंदा तर नक्कीच." पेठेतल्या आल्या, जुळे सोलापुरातल्या अक्कांच्या सुनेच्या मैत्रिणी आल्या, नरसम्मांची नात आली. माझ्या शेजारची जागा मी कुणाला बसू दिली नाही. नव्या मुली फोनमध्ये बघून उखाणे घेत होत्या, गोड घेत होत्या. माझी पाळी आली. मी घरून... म्हणजे घरातच होते, पण मनात बरेच दिवस जुळवून ठेवलं होतं. इतकी वर्षं मला नेमून दिलेलं गप्प राहण्याचं काम, ते ज्यांनी नेमलं त्या गेल्या. आता मला वाटलं, मोकळी झाले. यमक जरा ओढूनताणून आहे, मला माहीत आहे.

"उभा धागा बोलका नि आडवा धागा मुका,
मधुकररावांना ज्यांनी राखलं, त्या शालनअक्का."

नव्या मुलींना काही कळलं नाही, त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. उखाण्यात बाईचं नाव कुठं असतं? अक्कांच्या सुनेनं मात्र पदर तोंडाला लावला. माझा आवाज शेवटी जरा बसलाच होता, लग्नानंतरच्या त्या पहिल्या संक्रांतीसारखा. मी खाली बसणार, तेवढ्यात मागून, दारापासून, नरसम्मांची नात म्हणाली, "आजी, ऐकू नाही आलं. परत घ्या की."

तिला कुणी शिकवलं होतं, देव जाणे. मी परत उभी राहिले.